कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स

निकाहच्या वेळी बायकांच्या बाजूचे फोटो बाईनेच काढावेत, अशी अनेक घरांची इच्छा असते. त्यामुळे कॅमेरा शिकलेल्या मुलीला नात्यागोत्यातच काम मिळू शकते. पण कॅमेरा घरात आला की आठ दिवसांत कुणी तरी जाणकार भेटतोच. "बरोबरची लेन्स प्लॅस्टिकची, बिनकामाची, चांगली घ्या," असे तो सांगतो. मग हप्ते, उसनवारी आणि घरात कुरबूर.

ही लेन्स बहुधा १८-५५ मिलिमीटरची, वजनाला दोनशे ग्रॅमच्या आसपास. विकायला गेलात तर फार थोडे पैसे येतात. ती वाईट आहे म्हणून नव्हे. ती सगळ्यांकडेच असते, मग घेणार कोण?

तिची पारख दुकानाच्या काउंटरवर होत नाही, बाहेर पडून करावी. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना हिर्डोशी लागते, तिथे निरा देवघर धरणाचे पाणी पसरलेले दिसते. दिवसाउजेडी लेन्स १८ वर आणि अपर्चर ८ वर ठेवा. पाणी, डोंगर, आभाळ एका चौकटीत येते. हाच फोटो महागड्या लेन्सने काढला, तर अल्बममध्ये फरक ओळखणारा घरात कुणी निघेल असे आम्हाला वाटत नाही. ५५ वर दादीचा चेहरा छान येतो. पलीकडच्या काठावरचा बगळा मात्र ठिपकाच राहतो. ते तिचे कामच नव्हे. घाटातल्या पावसात तर तिला बाहेर काढूच नका.

खरी अडचण मगरिबनंतर सुरू होते. खोलीत एकच ट्यूबलाइट. १८ वर अपर्चर ३.५ पर्यंत उघडते, ५५ वर ५.६ पर्यंतच. म्हणजे चेहरा जवळ ओढला की प्रकाश निम्म्याहून कमी होतो. हाताची थरथर सावरण्याची सोय लेन्समध्ये असली, तरी धावणारी मुले त्याने स्थिर होत नाहीत. तेव्हा झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे, आयएसओ १६०० किंवा ३२०० करावा. फोटोत दाणे दिसले तर चालतात, हललेला चेहरा नीट करता येत नाही. आणि १८ वर वडीलधाऱ्यांना कडेला बसवू नका, चेहरे ताणले जातात.

५० मिलिमीटरची १.८ वाली लेन्स ५.६ च्या सुमारे दहापट प्रकाश घेते, हे खरे. पण लहान खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी तिच्यात सगळे कुटुंब मावत नाही. ती जोडीला घ्यायची, बदली म्हणून नव्हे.

मुलीने आधी दोन-तीन कार्यक्रम याच लेन्सवर करावेत आणि वाया गेलेले फोटो मोजावेत. बहुतेक अंधाराने बिघडले असतील, तर पांढऱ्या छताकडे वळवता येणारा फ्लॅश किंवा ती ५० ची लेन्स घ्यावी. तीही पहिल्या कमाईतून. तोवर पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. आपल्या मावळातल्या दमट हवेत काचेला बुरशी धरायला वेळ लागत नाही.