सल्ला देणारा माणूस जूनमध्ये बांधावर हवा

आमच्या औसा तालुक्यात खरीप म्हणजे सोयाबीन. २०२४ साली हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आम्ही माल घातला चार-सव्वाचार हजाराने. भाव आमच्या हातात नाही. थोडाफार हातात असतो तो खर्च. तो कसा आवरायचा हे दाखवणारा माणूस गावात येत असेल, तर चार एकरवाल्याच्या घरात चार पैसे राहतात. कृषी विस्ताराच्या योजना मी याच एका मापाने मोजते.

सोयाबीनचं बियाणं सरळ वाणाचं असतं. एकदा विकत आणलं की पुढे दोन-तीन वर्षं घरचंच पेरता येतं. आमच्याकडे पूर्वी जे कृषी सहायक होते, ते मे महिन्यात घरोघर फिरून गोणपाट भिजवायला लावायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याने उलगडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो, साठ-पासष्ट निघाले तर थोडं जास्त, त्याहून फारच कमी असतील तर ते बियाणं पेरायचंच नाही. सोयाबीनचं साल नाजूक, म्हणून मळणीयंत्र हळू चालवा, पोती आपटू नका, उंच थप्पी लावू नका, हेही त्यांनीच बजावलं. तीस किलोची बॅग तीन हजारांच्या आसपास पडते. घरच्या दाण्याची बाजारातली किंमत वजा केली तरी एकरी दीड हजार वाचतात. चार एकरांचे सहा हजार झाले, आणि तेही पाऊस पडायच्या आधी.

२०२० च्या जूनमध्ये राज्यभर विकतचं बियाणं उगवलं नाही. तक्रारींचा एवढा ढीग झाला की औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आमच्या गल्लीत ज्या बायकांनी गोणपाट उलगडून पाहिलं होतं, त्यांच्यावर दुबार पेरणीची वेळ आली नाही.

फवारणीचंही तेच. मीटरभर ओळीत तंबाखूची पानं खाणाऱ्या अळ्या तीन-चार दिसेपर्यंत पंप उचलायचा नाही, हे कृषी खात्याच्या शेतीशाळेत पिकाच्या ओळीत बसून, झाडं हलवून शिकवलं जातं. एक फवारणी टळली तर औषधाचे आणि मजुरीचे दोन्ही पैसे वाचतात. दुकानदार हे सांगणार नाही. तो औषध विकायलाच बसलाय, त्याला दोष देऊन काय उपयोग? पण २०१३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या साठेक टक्के शेतकरी कुटुंबांना कुणाकडूनच तांत्रिक सल्ला मिळाला नव्हता. अशा घरांना दुकानाशिवाय विचारायला जागा कुठे आहे?

आताचे कृषी सहायक, म्हणजे नव्या नावाने सहायक कृषी अधिकारी, तेही कष्टाळू आहेत. पण त्यांच्याकडे कितीतरी गावं, आणि ऐन खरिपात अनुदानाच्या अर्जांची पडताळणी, फोटो अपलोड, पंचनामे. बांधावर जायला वेळ कधी मिळणार? मोबाइलवर संदेश येतात, चांगले असतात, पण माझ्या रानातल्या अळ्या संदेश मोजत नाही.

आणि शेतीशाळेचं बोलावणं सातबाऱ्यावर नाव असलेल्याला जातं. बियाणं निवडून, वाळवून, राखून ठेवते बाई. निंदताना अळी पहिल्यांदा तिलाच दिसते. वर्ग मात्र सकाळी अकराला, ती दुसऱ्याच्या रानात रोजाने असते तेव्हा.

म्हणून कृषी खात्याकडे मागणं सरळ आहे. मे ते सप्टेंबर सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून पोर्टलची कामं काढून घ्या, त्यासाठी वेगळी माणसं नेमा. शेतीशाळा संध्याकाळी भरवा, नाव सातबाऱ्यावर असो-नसो, घरातल्या बाईला बोलवा. आणि योजनेच्या अहवालात किती जणांना प्रशिक्षण दिलं याच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा: शेतकऱ्याचा एकरी खर्च किती उतरला.