ब्लॉक केलंस? मग पुढे काय?

एक साधा प्रश्न. "अभिनंदन! आपली निवड झाली आहे. घरबसल्या दिवसाला तीन हजार कमवा" असा एसएमएस आला की तुम्ही काय करता? बहुतेक जण नंबर ब्लॉक करतात, एक सणसणीत शिवी हासडतात आणि परत असाइनमेंट छापायला बसतात. विषय संपला!

पण खरंच संपतो का हो? तोच एसएमएस, त्याच नंबरावरून, दहा मिनिटांनी शेजारच्या रूममध्ये पोहोचतो. तिथे असतो फर्स्ट इयरचा नवा मुलगा. गावाहून आलेला, बापाने कर्ज काढून फी भरलेली, आपणही चार पैसे मिळवावेत असं मनापासून वाटणारा. तो ब्लॉक करत नाही, तो उत्तर देतो. मग आधी 'रजिस्ट्रेशन'चे पाचशे, मग 'किट'चे दोन हजार... आणि महिन्याच्या मेसचे पैसे गेल्यावर तो कोणाला सांगतही नाही. लाज वाटते ना!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नुसतं ब्लॉक करणं म्हणजे आपलं दार लावून घेणं. चोर जिन्यातच उभा आहे.

हा प्रकार काही मोबाईलबरोबर जन्माला आला नाही. आम्ही काळाचौकीकर कॉटन ग्रीनला हार्बरची गाडी पकडतो, तेव्हा डब्याच्या पत्र्यावर वर्षानुवर्षं काय बघत आलो? प्रेमभंगापासून कोर्टकचेरीपर्यंत सगळ्यावर इलाज करणारे बाबा बंगाली आणि 'पार्ट टाइम जॉब, शिक्षणाची अट नाही'. हजार जण वाचून हसतात, पण एखादा फोन लावतोच. स्टिकरवाल्याला तेवढा एकच हवा असतो.

कॉम्प्युटरवरची गोष्टही तीच. ३ मे १९७८ ला गॅरी थ्यूर्क नावाच्या माणसाने अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना कंपनीच्या नव्या कॉम्प्युटरची जाहिरात एकदम पाठवली. पहिला स्पॅम म्हणून तिचंच नाव घेतात. पुढे २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी या धंद्याचा हिशोब मांडला. औषधांच्या जाहिरातीचे सुमारे ३५ कोटी ईमेल गेले आणि २६ दिवसांत गिऱ्हाइकं मिळाली फक्त २८! आपल्याला ही फजिती वाटेल. पण पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नसेल तर २८ सुद्धा चालतात. म्हणजे शिव्या देऊन, समजावून किंवा दुर्लक्ष करून हे लोक थांबणार नाहीत. पाठवणं त्यांना महाग पडलं तरच थांबतील.

ते महाग करायचे प्रयत्न आपल्याकडे झाले. २००७ मध्ये ट्रायने 'डू नॉट कॉल'ची नोंदवही आणली. मग सप्टेंबर २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा आली आणि नोव्हेंबरात ती २०० झाली. (त्या वेळच्या हॉस्टेलमधल्या प्रेमवीरांचे काय हाल झाले असतील ते सीनियर्सना विचारा!) २०१८ च्या नियमांनी जाहिरात कंपन्यांना नाव आणि मजकूर आधी नोंदवायला लावला. मग हे लोक साध्या दहा आकडी नंबरांवर घुसले. तुमच्या-माझ्यासारख्या सिमवर.

आता खरी गंमत ऐका. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम आणखी कडक केले. अशा साध्या नंबरावर कारवाई सुरू व्हायला पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. पूर्वी तीन दिवसांत तक्रार करावी लागे, आता सात दिवस मिळतात. कंपनीला कारवाईला तीस दिवस होते, ते पाचवर आले. पहिल्यांदा सापडला तर पंधरा दिवस आउटगोइंग बंद. पुन्हा सापडला तर त्याची सगळी कनेक्शन्स वर्षभरासाठी बंद.

फक्त पाच! आपल्या हॉस्टेलच्या एका मजल्यावर पाच माणसं नाहीत का? असतात, पण पाचही जण आपापल्या कॉटवर पडून ब्लॉक करत असतात. ब्लॉकची बातमी तुमच्या फोनबाहेर जात नाही. सरकारदरबारी तो नंबर सज्जनच राहतो.

तर करायचं काय? मेसेजचा मजकूर, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख १९०९ ला एसएमएस करा, किंवा ट्रायचं डीएनडी ॲप वापरा. व्हॉट्सॲप मात्र या नियमात बसत नाही. त्यामुळे तिथे, किंवा कुठेही फसवणुकीचा वास आला, तर संचार साथीवरच्या 'चक्षू'कडे कळवा. ही सोय मार्च २०२४ पासून आहे. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० लावा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवायचे असतात, तिथे एकेक तास मोलाचा. आणि डीएनडी लावलं तर बँकेचे ओटीपी बंद होतील ही भीती काढून टाका, ते येतातच.

"एक नंबर बंद केला तर तो दुसरा घेईल" असं कोणीतरी म्हणेलच. घेऊ दे की! दर वेळी नवं सिम, नवी कागदपत्रं, नवी खटपट. पाठवणं महाग होतं ते असंच. सगळे बंद होतील असं मी म्हणत नाही. परदेशातून नाहीतर इंटरनेटवरून येणारे कॉल या जाळ्यातून निसटतात. पण म्हणून जाळं टाकायचंच नाही?

आणखी एक. तक्रारीचं हत्यार हातात आलं म्हणून कोणावरही चालवू नका. लालबागच्या चिवडा गल्लीतला दुकानदार दिवसभर ओरडतो, पण आपल्या दुकानात उभा राहून. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकूंचा मेसेज आला आणि नको असेल तर "काकू, नको" म्हणा. त्या समजून घेतील. ज्याला नाव आहे, ज्याला नको म्हणता येतं, तो शेजारी. ज्याला नाव नाही आणि नको म्हटलेलं ऐकायचं नाही, तो स्पॅमवाला.

गिरणगावातल्या चाळींना एक सवय होती. कोणी "चोर, चोर" ओरडलं की सगळ्या मजल्यांची दारं उघडायची आणि गॅलऱ्या माणसांनी भरायच्या. कोणाच्या घरात चोर शिरला हे नंतर विचारायचं, आधी बाहेर यायचं. हॉस्टेलची गॅलरी काही वेगळी नाही. मेस कमिटीने १९०९, चक्षू आणि १९३० ही तीन नावं नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लावावीत, रेक्टर सरांनी फर्स्ट इयरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये ती सांगावीत. आणि आपण? पुढचा मेसेज आला की जरूर ब्लॉक करा, पण तक्रार आधी. मग शेजारच्या चार दारांवर थाप मारा.

पाच झाले की नाही?