डर्बीची पागा आणि घनसावंगीचा दवाखाना

फेब्रुवारीचा पहिला रविवार आला की मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर 'इंडियन डर्बी' धावावी, असा साधारण शिरस्ता आहे. 1943 साली ती प्रथम धावली. चार वर्षांचे घोडे, 2400 मीटरांची दौड आणि अवघ्या अडीच मिनिटांचा खेळ! शनिवार-रविवार तेथे जी गर्दी लोटते, तिच्या पोशाखांची आणि टोप्यांची वर्णने सोमवारी सर्वत्र वाचावयास मिळतात. विजेत्या घोड्याचे नाव छापले जाते. त्याच्या जन्मदात्यांचे, मालकाचे, शिक्षकाचे आणि जॉकीचेही. छायाचित्राच्या कडेला लगाम धरून उभा असलेला मोतद्दार तेवढा निनावी राहतो. त्याच्याविषयी, आणि करंडक घरी गेल्यानंतर त्या मुक्या जनावराचे काय होते याविषयी, आज चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शर्यतींविषयी आपल्याकडे वाद होत नाहीत असे नाही. पहिला वाद जुगाराचा. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिला. सरकारने मात्र पैजेवरील कराच्या बाबतीत तिला जुगाराच्याच पंक्तीस बसविले आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो कर 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर नेला. दुसरा वाद जमिनीचा. 1883 पासून शर्यती पाहणाऱ्या या मैदानापैकी 120 एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे जावी आणि 91 एकर क्लबाकडे राहावी, अशी वाटणी 2024 मध्ये ठरली. मोकळ्या हवेला आसुसलेल्या मुंबईकरांनी त्या प्रश्नावर बोलावे हे योग्यच. परंतु या दोन्ही वादांत तबेल्यातील माणसाचा उल्लेख कितीदा झाला?

त्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. गव्हाणीत रात्रीची चंदी शिल्लक तर नाही ना, हे तो आधी पाहतो. कारण घोड्याच्या दुखण्याची पहिली वर्दी तेथेच मिळते. मग चारही पायांवरून तळहात फिरवावयाचा. नळीच्या मागच्या शिरेला किंचित ऊब लागली तरी ती शिक्षकाच्या कानी घातली पाहिजे. लक्षावधी रुपयांच्या जनावराचे भवितव्य कित्येकदा या खरबरीत तळहाताच्या जाणकारीवर अवलंबून असते. त्यानंतर खरारा, सरावाची फेरी, घाम जिरेपर्यंत हातात दोर धरून फिरविणे. शर्यतीच्या दिवसासाठी नालबंद ॲल्युमिनियमचे हलके नाल ठोकतो. जॉकी खोगिरासह काट्यावर उभा राहतो, वजन कमी भरले तर शिशाच्या पट्ट्या घातल्या जातात. शर्यतीनंतर पुन्हा वजन होते आणि त्यात खोट निघाली तर जिंकलेली शर्यतही हातची जाते. वाढत्या वयाच्या उमेदवार पोरांना या काट्यापायी पोट मारावे लागते, ते निराळेच. विजेत्याभोवती टाळ्या वाजत असतात, पण लवकरच त्याला उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीसाठी नेतात. आणि घोड्याने लघवी करावी म्हणून मोतद्दार तेथे शीळ घालीत ताटकळत राहतो. उन्हाळ्याच्या तोंडी मुंबईचा हंगाम सरला की पुढे पावसाळ्यात पुण्याचा उभा राहतो. घोडे घाट चढतात, त्यांच्या मागोमाग हाही.

मराठी माणसाला ही दुनिया परकी वाटू नये. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही जॉकींची नावे शर्यतशौकिनांस ठाऊक आहेत. शिवकाळी स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पण बारगिराचा खर्च सरकार सोशीत असे. आजच्या पागेतील चाकराचे म्हातारपण कोण सोसणार?

आता घोड्याकडे वळू. उत्तम नर-माद्यांना पैदाशीसाठी ठेवतात. असे भाग्यवंत थोडेच. बाकीचे घोडेस्वारी शिकविणाऱ्या संस्थांत जातात, काही लग्नाच्या वरातीत, बँडच्या कर्कश गजरापुढे उभे राहतात. आणि काहींचा प्रवास आणखी निराळा. जालना जिल्ह्यातील घनसावंगी घ्या. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले. महालक्ष्मीहून चारशेहून अधिक किलोमीटरांवरच्या या कपाशीच्या मुलखात डर्बीची वार्ता कोणी विचारीत नसेल. पण तेथील शेतकऱ्याला बांधावर घोणस डसली आणि त्याला सरकारी दवाखान्यात आणले, की त्याचा जीव वाचविणारी लस घोड्याच्याच रक्तातून आलेली असते. सर्पविषाचे अल्प अंश टोचून घोड्याच्या अंगी प्रतिकारद्रव्य निर्माण करतात आणि ते त्याच्या रक्तातून वेगळे काढतात. या कामाचे सारेच घोडे शर्यतीचे नसतात. परंतु पूनावाला घराण्याच्या पागेतील निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेकडे जात, आणि त्यातूनच 1966 साली पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

म्हणजे ज्याचे ऋण घनसावंगीच्या शेतकऱ्यावर आहे, त्या प्राण्याची अखेर कशी होते हे विचारण्याचा अधिकार केवळ मालकांचा नाही. त्याच शेतकऱ्याने बैलगाडीची शर्यत भरवावयाची म्हटली तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्याची तपासणी लागते, बैलाला काठी लावावयाची नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये या शर्यतींचा कायदा ग्राह्य धरला तो अशा बंधनांसकट. बंधने योग्यच आहेत. मग हाच काटेकोरपणा शहरातल्या जनावराच्या वाट्याला त्याच्या निवृत्तीनंतर का येऊ नये? पुण्यातील वंशावळीच्या दप्तरात त्याच्या जन्माची आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूर्वजांची नोंद असते. ती जितक्या सहज सापडते, तितक्या सहज त्याच्या शेवटाची सापडत नाही.

कोणी म्हणेल, चाळीस टक्के कराखाली चिरडलेल्या क्लबांकडे आणखी काय मागावे? ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच आमची पहिली मागणी सरकारकडे आहे. ज्या पैजेतून सरकार इतका वाटा उचलते, त्यातील एक लहानसा हिस्सा मोतद्दार, नालबंद आणि उमेदवार जॉकींच्या निवृत्तिवेतनासाठी व उपचारांसाठी राखून ठेवावा. मालकांनी प्रत्येक बक्षिसातून काही टक्के निवृत्त घोड्यांच्या चंदीसाठी द्यावेत आणि कोणता घोडा कोणाच्या हवाली केला, ही यादी क्लबाने दरवर्षी हंगामाच्या अखेरीस प्रसिद्ध करावी. उरलेल्या 91 एकरांवर नव्याने जे काही बांधले जाईल, त्याच्या नकाशात प्रेक्षागाराआधी मोतद्दारांच्या खोल्या दाखवाव्यात, आणि तो नकाशा महापालिकेने लोकांसमोर ठेवावा.