सहा महिन्यांची सुई खान्देशात आधी आणा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या सर्व नागरिकांना कळकळीचं आवाहन.

एचआयव्हीची लागण रोखणारं, वर्षातून फक्त दोनदा घ्यायचं इंजेक्शन आता हाती आलं आहे. नाव लेनाकापावीर. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींवर त्याची चाचणी झाली. 2024 साली निकाल आला, तेव्हा इंजेक्शन घेतलेल्या 2,134 जणींपैकी एकीलाही लागण झालेली नव्हती. ज्यांना रोज गोळी दिली होती त्यांच्यात मात्र लागण झाली, कारण रोज न चुकता गोळी घेणं बहुतेकींना जमलं नाही. जुलै 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या इंजेक्शनची शिफारस केली.

अमेरिकेत त्याचा वर्षाचा खर्च 28,000 डॉलरच्या वर आहे. पण 2027 पासून तेच औषध वर्षाला सुमारे 40 डॉलरना, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास, देण्याचं ठरलं आहे. ते बनवणार हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या. पुण्याच्या एमक्युअरकडेही परवाना आहे. स्वस्त औषधाच्या 120 देशांच्या यादीत भारत आहे. मग ते आपल्या जिल्हा रुग्णालयात का येऊ नये?

खान्देशाला त्याची गरज का, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. रावेर-यावलची केळी ट्रकनं उत्तरेला जाते. साक्री, शिरपूर, चाळीसगावकडची कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कित्येक महिने परतत नाहीत. अशा माणसाला रोजची गोळी आणि दवाखान्याच्या फेऱ्या झेपत नाहीत. जाताना एक सुई, परत आल्यावर दुसरी, हे झेपेल. आणि कृपा करून ड्रायव्हरला किंवा मजुराला दोष देऊ नका. घरी थांबलेल्या बाईलाही हेच संरक्षण हवं आहे, नवऱ्याची परवानगी न मागता घेता येईल असं.

एचआयव्हीवरच्या संशोधनात आपल्या राज्यातल्या माणसांचाही वाटा आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत 2005 साली देशातली पहिली एचआयव्ही लसीची मानवी चाचणी झाली. पुढे पुण्यातली जोडपी नऊ देशांच्या अभ्यासात सहभागी झाली. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं, तर दुसऱ्याला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, हे त्या अभ्यासानं 2011 साली दाखवलं. लस अजून मिळालेली नाही, आणि मे 2025 मध्ये अमेरिकी सरकारनं लस शोधणाऱ्या दोन मोठ्या गटांचा निधी पुढे न चालवण्याचा निर्णय घेतला. परक्या पैशावर विसंबून हा शोध आता पुढे जाणार नाही. दिल्लीनं स्वतःची तिजोरी उघडली पाहिजे.

म्हणून ही तीन कामं लगेच करा.

पहिलं, आपल्या खासदाराला, आमदाराला आणि जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहा. ग्रामसभेत, बाजार समितीत, ट्रकमालकांच्या आणि मजुरांच्या संघटनेत ठराव करा. मागण्या दोनच: लेनाकापावीर सरकारी दवाखान्यांतून मोफत द्यायचं ठरेल तेव्हा पहिल्या फेरीत जळगाव-धुळे हवेत, आणि एचआयव्ही संशोधनाला केंद्र सरकारचा निधी वाढवून हवा.

दुसरं, तपासणी करून घ्या. हे इंजेक्शन लागण नसलेल्यालाच देता येतं, त्यामुळे तपासणीशिवाय पुढचं पाऊलच नाही. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ती मोफत होते. संमतीशिवाय तपासायचं नाही, निकाल बाहेर फोडायचा नाही आणि या कारणावरून कामावरून काढायचं नाही, असं 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. निकाल पॉझिटिव्ह आला तर एआरटी, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्रात औषधही मोफत आहे. शंका असेल तर 1097 वर फोन करा.

तिसरं, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी मुकादमांनी आणि आशाताईंनी मिळून आपल्या गावात तपासणीचा दिवस ठरवावा. त्यासाठी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे या आठवड्यातच अर्ज द्या.