लेखणीची कुळवहिवाट

तिलारीच्या खोऱ्यात हत्ती एखाद्या शेतकऱ्याची केळीची बाग एका रात्रीत भुईसपाट करतो आणि सकाळच्या चहापर्यंत तिचे छायाचित्र दोडामार्ग तालुक्यातील मोबाईलांवर फिरू लागते. तीन दिवसांनी ते शोधूनही सापडत नाही. कर्नाटकातून हत्ती या भागात उतरले ते २००२ साली. तेव्हापासूनच्या नुकसानीची शेतकऱ्याच्याच शब्दांतील तारीखवार नोंद कोठे पाहावी? जुलै २०२१ मध्ये कळणे येथील खाणीचा बांध फुटून चिखलाचा लोंढा वस्तीत व बागायतीत शिरला. ती दृश्ये त्या दिवशी असंख्य लोकांनी पाहिली आणि पुढे सरकवली. आज ती कोणाच्या दप्तरी आहेत? बोलणे उदंड झाले, दप्तर मात्र कोरेच राहिले.

गेल्या काही वर्षांत अनेक लिहिते लोक पुन्हा स्वतःच्या ब्लॉगकडे, म्हणजे स्वतःच्या नावाच्या अनुदिनीकडे वळू लागले आहेत. शहरी सुशिक्षितांची ही गतकाळाविषयीची हळहळ आहे, असे म्हणून पुष्कळ जण हा विषय झटकून टाकतात. वस्तुतः हा हळहळीचा नव्हे, मालकीचा प्रश्न आहे.

खोताच्या जमिनीत कूळ राबत असे. घाम त्याचा, पण वाटा ठरवणार खोत आणि जमिनीवरून उठवण्याची धमकी देणारही खोतच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. आज फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स यांच्या भूमीवर लिहिणारा असाच कूळ झाला आहे. मजकूर त्याचा, पण तो कोणाला दिसावा, किती वेळ दिसावा, हे कंपनीचे गणित ठरवते. वाचकाचे लक्ष हे या शेतीतले पीक आणि ते जाहिरातदाराला विकून येणारा पैसा मालकाच्या कोठारात जातो. कुळाच्या पदरी पडतात ते नुसते अंगठे.

बेदखलीही ओघाने आलीच. याहूने २००९ साली जिओसिटीजची बहुतेक वस्ती उठवली. गूगलने २०१४ साली ऑर्कुट बंद केले आणि २०१९ साली गूगल प्लस. २०२२ साली ट्विटर ४४ अब्ज डॉलरना एका धनिकाच्या हाती गेले आणि कोट्यवधी लोकांच्या चर्चेचा चव्हाटा एका माणसाच्या लहरीवर चालू लागला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून यंत्राने रचलेल्या मजकुराचा पूर वाढत गेला. अशा वेळी ओळखीच्या माणसाचा, त्याच्या नावानिशीचा, जबाबदार शब्द वाचावासा वाटला तर त्यात नवल कसले?

महाराष्ट्रातील चळवळींना हा धडा नवा नाही. दुसऱ्याच्या पत्रात आपल्या दुःखाला जागा मिळत नाही, हे ओळखूनच १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले. अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांचा संप १९३३ पासून सहा वर्षे चालला. त्या लढ्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली 'कृषीवल' काढले. ज्याला जमीन हवी त्याला छापखानाही हवा, हे त्यांना उमगले होते. दोडामार्गला तर याचे उदाहरण शेजारीच आहे. शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकात लिहीत असत. लघुनिबंधासारखा वैयक्तिक लेखनप्रकार मुंबई-पुण्याच्या परवानगीवाचून एका लहान गावच्या पत्रात रुजू शकला.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ब्लॉग हा व्यक्तिवादाचाच नवा अवतार आहे. परंतु एकेकट्याची प्रामाणिक साक्ष हीच सामूहिक लढ्याची कच्ची सामग्री असते. सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव भ्रमणमार्गातील वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली बंदी घातली. २०२४ साली हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याचाही आदेश दिला. न्यायालयात आणि जनसुनावणीत टिकते ती तारीख असलेली नोंद, वाहून गेलेली आरोळी नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ब्लॉगसाठीची एक मोठी फुकट जागा २००३ पासून गूगलच्याच मालकीची आहे. मग मुक्ती ती कोठली? हे खरे आहे. म्हणूनच निव्वळ ब्लॉग उघडणे पुरेसे नाही. पत्ता स्वतःच्या नावे हवा, मजकुराची प्रत स्वतःपाशी हवी आणि तो चालवणारी प्रणाली वर्डप्रेससारखी मुक्त हवी, म्हणजे जागा बदलली तरी बिऱ्हाड मोडत नाही. परंतु दिवसभर काजूच्या किंवा रबराच्या बागेत राबणाऱ्या मजुराने हे एकट्याने करावे, अशी अपेक्षा बाळगणे अन्यायाचे होईल.

येथेच सामाजिक मालकीचा मार्ग पुढे येतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. गावोगावच्या अनुदानित वाचनालयांनी गावकऱ्यांच्या लेखनासाठी स्वतःच्या नावाची, कायमच्या पत्त्याची जागा चालवावी, शाळाशिक्षकांनी हात द्यावा आणि शासनाने त्याचा अल्प खर्च अनुदानात धरावा. तिलारीच्या पाण्याखाली आयनोडे, सरगवे, शिरंगे यांसारखी गावे गेली. त्या गावांतील वाटा, देवळे, शेतांची नावे ज्यांना पाठ आहेत, ते लोक आता म्हातारे झाले आहेत. गावे बुडाली ती धरणाच्या पाण्यात. त्यांची आठवण परक्या कंपनीच्या भिंतीवर वाहून जाऊ द्यायची की नाही, हा निर्णय अजून लोकांच्या हाती आहे.