नाइटविश कुठून ऐकावं? (आणि कुणाचं ऐकू नये)

कुणी नवखा माणूस "नाइटविश ऐकायचंय, कुठून सुरुवात करू?" असं विचारतो तेव्हा त्याला उत्तर मिळत नाही. त्याला मिळतं भांडण. एक जण म्हणतो, पहिल्या अल्बमपासून क्रमाने ये. दुसरा म्हणतो, तार्या गेली तिथे बँड संपला, पुढचं ऐकूच नकोस. तिसरा यूट्यूबची लिंक पाठवतो आणि "शेवटपर्यंत बघ, मग बोलू" म्हणून निघून जातो. विचारणारा बिचारा दीड गाणं ऐकतो, "छान आहे रे" म्हणतो आणि आपल्या नेहमीच्या प्लेलिस्टकडे परत जातो. संपलं. एक चांगला श्रोता हातचा गेला!

मला या तिन्ही सल्ल्यांचा राग आहे. तिघेही विचारणाऱ्याला काही देत नाहीत, स्वतःचं कौतुक तेवढं करून घेतात. म्हणून आज तिघांचा एकेक करून समाचार घ्यावा म्हणतो.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाइटविश हा फिनलंडचा सिंफनिक मेटल बँड. सिंफनिक मेटल म्हणजे जड गिटार आणि ड्रम्स, आणि त्यांच्या जोडीला ऑर्केस्ट्रा, कोरस वगैरे मोठा थाट. १९९६ साली कीटी नावाच्या छोट्या गावात तुओमास होलोपाइनेन या कीबोर्डवाल्याने तो सुरू केला. १९९७ ते २०२४ या काळात दहा स्टुडिओ अल्बम आले. मुख्य गायिका तीन झाल्या: तार्या तुरुनेन, आनेट ओल्झोन आणि फ्लोर यान्सेन. बहुतेक गाणी मात्र पहिल्यापासून तुओमासच लिहितो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी क्रमवाले. पहिला अल्बम 'एंजल्स फॉल फर्स्ट', १९९७चा. शेकोटीजवळ बसून सुचलेल्या अकूस्टिक संगीताच्या कल्पनेतून हा बँड निघाला, आणि त्या अल्बममध्ये ती कल्पना आणि मेटल एकमेकांशी अजून नीट जुळलेले नाहीत. काही गाण्यांत तुओमास स्वतः गातो. पुढे त्याने ते काम दुसऱ्यांवर सोपवलं, ते बरंच झालं. मला हा अल्बम आवडतो, पण आवडतो कारण पुढे काय झालं ते मला माहीत आहे. वाढ बघायची तर झाड कुठवर गेलं ते आधी दिसायला हवं ना? कुठलंही सॉफ्टवेअर शिकताना आपण व्हर्जन १.० शोधून इन्स्टॉल करतो का? चालणारं, स्थिर व्हर्जन घेतो, कामाला लागतो, आणि मग कधीतरी हौस म्हणून जुना कोड उघडून बघतो. खुद्द बँडनेही तेच केलंय. २०१८ साली त्यांनी 'डेकेड्स' नावाचा निवडक गाण्यांचा संग्रह काढला, आणि त्यातली गाणी चक्क उलट्या क्रमाने लावली. नवीन आधी, आणि सगळ्यात शेवटी १९९६चा डेमो. आता बोला!

दुसरे तार्यावाले. यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, पण इलाज नाही. तार्याचा आवाज विलक्षण आहे, त्यावर दुमत नाही. १९९८च्या 'ओशनबॉर्न'मध्ये तो शास्त्रीय ऑपेराच्या ढंगाचा आवाज वेगवान गिटारवर असा काही चढतो की अंगावर काटा येतो. पण २१ ऑक्टोबर २००५ला हेलसिंकीतला मोठा कार्यक्रम संपल्यावर बाकी चौघांनी तिच्या हातात पत्र ठेवलं, तिला बँडमधून काढलं आणि ते पत्र जाहीरही केलं. ज्या पद्धतीने केलं ते मलाही पटत नाही. पण त्या पत्राचा राग आजच्या नव्या श्रोत्याने का वाहायचा? आणि त्यापायी आनेटचे दोन अल्बम का टाकून द्यायचे?

'डार्क पॅशन प्ले' (२००७) सुरूच होतो जवळजवळ चौदा मिनिटांच्या 'द पोएट अँड द पेंड्युलम'ने. नवीन गायिकेच्या पहिल्याच अल्बमचं पहिलंच गाणं असं ठेवायला छाती लागते. आणि 'इमॅजिनेरम' (२०११) तर तार्याच्या आवाजात मला कल्पनाच करता येत नाही. 'स्लो, लव्ह, स्लो' हे धुरकट जॅझ क्लबातलं गाणं, 'स्केअरटेल' म्हणजे सर्कस आणि भुताटकी एकत्र. तिथे आनेट चेटकिणीसारखी आवाज वाकडा करून गाते. हे नाटकी आवाजाचं काम आहे, सुरांच्या उंचीचं नाही. मोजपट्टीच चुकीची लावली तर कुणीही बुटकाच दिसणार.

तिसरे व्हिडिओवाले. यांचा लाडका व्हिडिओ म्हणजे २०१३च्या वाकेन फेस्टिव्हलमधलं 'घोस्ट लव्ह स्कोर'. आनेट २०१२मध्ये दौऱ्याच्या अध्येमध्ये बाहेर पडली आणि डच गायिका फ्लोर यान्सेन मदतीला आली. वाकेनला गायली तेव्हा ती बँडची कायम सदस्यही नव्हती. काय गायलीय! जगभरातले लोक ते बघताना स्वतःचे चेहरे रेकॉर्ड करून टाकतात, शेवटच्या त्या लांबलचक सुराला तोंडाचा आ करतात. पण नवख्यासाठी याचा परिणाम काय होतो? तो कळसच आधी बघतो. मग मूळ गाणं शोधत २००४च्या अल्बमवर जातो, तिथे दुसराच आवाज ऐकतो आणि त्याला फसवल्यासारखं वाटतं. वर दहा मिनिटांच्या गाण्यातले शेवटचे अर्धे मिनिट तेवढे त्याच्या लक्षात राहतात. आधीची साडेनऊ मिनिटं मग काय पार्किंग शोधण्यात गेली?

तर मंडळी, माझं उत्तर: 'वन्स', २००४. दहातला पाचवा, म्हणजे जवळपास मध्यावर.

का? कारण या बँडला जे जे येतं ते सगळं इथे पहिल्यांदा एका छताखाली आलंय. ऑर्केस्ट्रा त्यांनी आधी 'सेंच्युरी चाइल्ड'मध्ये (२००२) वापरला होता, फिनलंडमधलाच. 'वन्स'साठी ते लंडनला गेले, आणि वाद्यवृंदाची मांडणी पिप विल्यम्सकडे दिली. हा माणूस स्टेटस को आणि मूडी ब्लूजचा निर्माता म्हणून नावाजलेला. फरक लगेच ऐकू येतो. ऑर्केस्ट्रा आता मागचा पडदा राहिलेला नाही, तो गिटारशी बोलतो, कधी तिला गप्प करतो. 'विश आय हॅड अॅन एंजल'मध्ये मार्को हिएतालाचा खरखरीत आवाज तार्यासमोर उभा राहतो. 'नेमो' चार-साडेचार मिनिटांचं, पियानोच्या साध्या सुरावटीवरचं गाणं आहे. एक गाणं तर अख्खं फिनिश भाषेत आहे. आणि दोन गाणी उरलेली असताना, नवव्या नंबरावर, 'घोस्ट लव्ह स्कोर'. तिथपर्यंत आठ गाणी ऐकून आलात की ती दहा मिनिटं तुमची होतात.

"पण 'वन्स' फार कमर्शियल आहे" असं कुणीतरी म्हणणारच. म्हणजे काय तर 'नेमो' लोकांना आवडलं. लोकांना आवडलं हा गुन्हा असेल तर दरवाजा कशाला ठेवायचा, भिंतच बांधा ना.

पथ्य एकच. शफल बंद. साधारण तासाभराचा ऐवज आहे, एकदा सलग ऐका. ऑफिसातून घरी जाताना ट्रॅफिकमध्ये सहज मावतो.

मग पुढे ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे. तार्याचा आवाज भिडला असेल तर मागे 'ओशनबॉर्न'कडे जा. ऑर्केस्ट्रा आणि गोष्ट आवडली तर 'इमॅजिनेरम'. लांब गाण्याची चटक लागली असेल तर 'एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल' (२०१५). तिथे उत्क्रांतीवर चोवीस मिनिटांचं गाणं आहे, निवेदनाला चक्क रिचर्ड डॉकिन्स, आणि फ्लोरही तिथे भेटेल. २०२०चा 'ह्यूमन. नेचर.' मात्र थोडा नंतर ठेवा. त्याचा दुसरा भाग जवळजवळ निव्वळ ऑर्केस्ट्राचा आहे, ओळख झाल्यावरच त्यात मजा येते.

आणि जुन्याजाणत्या मंडळींना एक विनंती. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर त्याला अल्बमचं नाव सांगा आणि तासभर गप्प बसा. तीन गायिकांपैकी कोण श्रेष्ठ हे त्याचं त्याला ठरवू दे, किंवा न ठरवू दे. त्याला अजून दहा अल्बम ऐकायचे आहेत, आपली भांडणं काही त्याच्या यादीत नव्हती.