दातांआधी दंड

रक्तदाबाचा विकार बोलत नाही. तो ठणकत नाही, सुजत नाही, रात्रीची झोप उडवीत नाही. दाताचे नेमके उलट. म्हणूनच वर्षानुवर्षे डॉक्टरची पायरी न चढणारा माणूसही दाढ ठणकू लागताच दंतवैद्याच्या खुर्चीत निमूटपणे जाऊन बसतो. या भेटीतच त्याचा रक्तदाब का मोजला जाऊ नये, असा आमचा प्रश्न आहे.

यात दंतवैद्यावर परक्या शास्त्राचा भार पडतो असे कोणी समजू नये. दाढ काढण्यापूर्वी हिरडीत जे लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात, त्यात पुष्कळदा अ‍ॅड्रेनलीन मिसळलेले असते. अल्प मात्रेत ते बहुतेकांना सोसते. परंतु रक्तदाब आधीच भडकलेला असेल, तर भीती, वेदना आणि हे औषध यांची गाठ पडून प्रसंग ओढवू शकतो. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे गेला, तर तातडीचे नसलेले काम लांबणीवर टाकावे, असा संकेत आहे. शिवाय रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. तेव्हा रुग्ण कोणती गोळी घेतो, हे दंतवैद्यास ठाऊक असलेच पाहिजे.

खुर्चीत बसताच धास्तीने आकडा चढतो, मग त्या मोजणीला अर्थ काय, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे, पण निरुत्तर करणारा नव्हे. रुग्णास पाच मिनिटे स्वस्थ बसू द्यावे. पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर असावा. अर्धा तास आधी चहा वा तंबाखू नसावी. आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावा. एका मोजणीवरून निदान करावयाचे नाही. दोन ओळींची चिठ्ठी देऊन रुग्णास फिजिशियनकडे धाडावे, एवढेच दंतवैद्याचे काम.

सुके बांगडे, मिठातली कैरी, पेजेसोबतचे लोणचे. मिठाशी आम्हा गोमंतकीयांचे सख्य जुने आहे. अशा प्रदेशात ही दक्षता अनाठायी म्हणता येणार नाही. बांबोळीच्या दंत महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगी ती बाणावी आणि गावोगावच्या खासगी दवाखान्यांतही रुळावी. दंडाला पट्टा न बांधताच कोणी सुई पुढे केली, तर रुग्णानेही विचारण्यास संकोच करू नये.